धुळे सापडत नाही!

शनिवारची दुपार आहे, चहा झालाय आणि आज मला भांडायचंय. कॉम्प्युटर चालू होताना आत काय चालतं यात ज्यांना रस नाही त्यांनीही वाचा, कारण हे भांडण शेवटी आपल्या अक्षरांवरून आहे.

तर झालं असं. माझ्या मामांचं धुळ्यात छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हॅंडबिलं, कधी निवडणुकीची पत्रकं. मी सुट्टीत जळगावला घरी आलो की धुळ्याला एक चक्कर असतेच (मामींची शेवभाजी हे अधिकृत कारण). सगळ्या ऑर्डरींच्या फायली ठेवायला दुकानात एक जुनं मशीन आहे. मामांची तक्रार एकच: लाइट जाऊन परत आली की ते मशीन उठायला फार वेळ लावतं आणि लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असतं.

भाचा इंजिनियर. मग काय, भाच्याने बाह्या सरसावल्या. त्यावर लिनक्स टाकलं आणि लागणार नाही ते सगळं काढून टाकलं. साधारणपणे बूट होताना कर्नलच्या जोडीला एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत चढते, ती खऱ्या डिस्कची शोधाशोध करते आणि मग कारभार खऱ्या सिस्टिमच्या हाती देते. एका साध्या मशीनला तेवढं कशाला? ते उडवलं. मधला बूटलोडरही उडवला. यूईएफआय फर्मवेअर थेट कर्नल उचलणार, आणि कर्नलला मी एका ओळीत सांगणार की तुझी मूळ डिस्क अमुक नावाच्या पार्टिशनवर आहे. झालं.

नाव काय द्यायचं म्हणून मामांना विचारलं. ते म्हणाले, "एकले धुये नाव दे, दुसराले जयगाव." (अहिराणीत ळ चा य होतो. जयगाव म्हणजे जळगाव.) म्हणजे धुळ्याचं काम आणि सिस्टिम एकीकडे, जळगावहून येणाऱ्या ऑर्डरी दुसरीकडे. दुकानातल्या पोरालाही कळेल अशी सोय. मी पार्टिशनना मराठीत नावं दिली, "धुळे" आणि "जळगाव". पार्टिशन टेबल जीपीटीचं होतं. त्यात नाव यूटीएफ-१६ मध्ये ठेवायचं असं स्पेसिफिकेशनच सांगतं, ७२ बाइटची जागा, म्हणजे ३६ एककं. मराठी नाव तिथे बेकायदेशीर नाही, उलट त्यासाठीच ती जागा आहे.

मशीन चालू केलं. पडद्यावर ओळ आली की रूट डिव्हाइसची वाट बघतोय, पुढे चार चौकोन, आणि संपलं. पाच मिनिटं झाली तरी वाट बघतोय. मामा मागे उभे होते. म्हणाले, "भाचा, तुना कॉम्प्युटरले धुये सापडत नही का?"

लाज गेली, दुसरं काय.

पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन उठवलं आणि बघितलं, तर पार्टिशनच्या यादीत "धुळे" व्यवस्थित दिसतंय. नाव बरोबर लिहिलं गेलंय, बरोबर वाचलंही जातंय. मग कर्नलला का सापडत नाही? म्हणून कर्नल स्वतः या पार्टिशनचं नाव काय समजतो ते बघितलं (सिसएफएसमध्ये ते मिळतं). तिथे लिहिलं होतं:

'ए३जी

(ए, ३ आणि जी इंग्रजीतले, आणि आधी एक सुटं अवतरणचिन्ह.)

एकच मशीन, एकच डिस्क, एकच पार्टिशन. एक प्रोग्रॅम म्हणतो धुळे, दुसरा म्हणतो 'ए३जी.

आता हा चमत्कार कसा झाला ते सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे (सोळाच्या पायात). "धुळे" म्हणजे चार संकेत: ध ०९२७, उकार ०९४१, ळ ०९३३, मात्रा ०९४७. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकाला दोन बाइट. कर्नलमध्ये जीपीटी वाचणाऱ्या कोडमध्ये एक छोटं फंक्शन आहे, त्याचं नावच "यूटीएफ-१६ ते ७ बिट" अशा अर्थाचं आहे. ते काय करतं? प्रत्येक दोन बाइटमधला वरचा बाइट फेकून देतं, खालचा ठेवतं. खालचा बाइट छापण्याजोगा नसेल तर तिथे उद्गारचिन्ह टाकतं. बस्स. आमच्या धुळ्याचे उरले २७, ४१, ३३, ४७. ॲस्कीत त्यांचा अर्थ सुटं अवतरणचिन्ह, ए, ३, जी. जळगावचं झालं !३!>५. वरचा ०९ हा बाइट, ज्यामुळे ते देवनागरी होतं, तोच कचऱ्यात.

बरं, नाव विद्रूप झालं एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण क पासून ट पर्यंतची सगळी व्यंजनं १५ ते १एफ या जागांवर आहेत आणि ॲस्कीत तिथे न छापता येणारे नियंत्रण संकेत आहेत. म्हणजे या अकराच्या अकरा व्यंजनांचं एकच उद्गारचिन्ह होतं. "काका" लिहा, "चाचा" लिहा, "जागा" लिहा, कर्नलच्या लेखी तिन्हींचं नाव !>!>. काका आणि चाचा एक हे आपण समजू शकतो :) पण जागा? एका डिस्कवर "काका" आणि दुसऱ्यावर "जागा" असेल तर नावावरून फरक करणं त्याला अशक्य. माहिती गेली ती गेली, परत येत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. मी कर्नलला जी ओळ दिली होती, "तुझी डिस्क धुळे नावाच्या पार्टिशनवर आहे", ती यूईएफआयकडून कर्नलच्या सुरुवातीच्या तुकड्याकडे यूटीएफ-१६ मध्येच येते. तो तुकडा ती ओळ यूटीएफ-८ मध्ये अगदी नीट बदलतो. एकही बाइट वाया जात नाही. म्हणजे आदेशातलं "धुळे" बारा बाइटचं शुद्ध यूटीएफ-८, आणि डिस्कवरून वाचलेलं "धुळे" चार बाइटचं 'ए३जी. कर्नल दोघांची तुलना करतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की असं काही सापडत नाही. एकाच घरात दोन चुली, आणि सून दोन्हीकडे उपाशी!

मला राग आला तो या विसंगतीचा. कर्नलला मराठी येत नाही असं असतं तर मी काही बोललो नसतो. त्याला येतं. एका खोलीत येतं, दुसऱ्या खोलीत येत नाही, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारावर कुणी उभं नाही.

कोणी म्हणेल एक किरकोळ फंक्शन धरून बसलाय. तर मग अजून घ्या.

कर्नलला बूट पर्याय म्हणून फर्मवेअरमध्ये नोंदवायला ईएफआयबूटएमजीआर नावाचं साधन वापरतात. पुढची आज्ञा-ओळ ते डीफॉल्टने ॲस्कीत लिहितं. दोन बाइटची हवी असेल तर वेगळा पर्याय आठवणीने द्यायचा. कर्नल मात्र दोन बाइटचीच अपेक्षा धरतो. पर्याय विसरलात तर इंग्रजीची दोन-दोन अक्षरं चिकटून एकेक चिनी अक्षर बनतं. मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. शुद्ध इंग्रजी लिहिलं आणि कर्नलने चिनी वाचलं. तेव्हा "ही सगळी मराठीवाल्यांची रड आहे" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. संकेतप्रणालीचा गोंधळ इंग्रजीलाही सोडत नाही, फक्त तिथे तो लवकर दिसतो म्हणून लवकर दुरुस्त होतो.

यूईएफआय फर्मवेअर लिहायला ईडीके-२ वापरतात. त्यात छापायच्या फंक्शनला दोन बाइटच्या स्ट्रिंगसाठी एक खूण आणि एक बाइटच्या स्ट्रिंगसाठी दुसरी खूण आहे. अदलाबदल झाली की इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर छापून गाडी थांबते, कारण दुसरा बाइट शून्य असतो आणि शून्य म्हणजे शेवट. मराठी शब्द मात्र थांबत नाही. आपला वरचा बाइट ०९, आणि ०९ म्हणजे टॅब! प्रत्येक अक्षरानंतर एक टॅब मारत शब्द पडद्यावरून पळत सुटतो. हसू येतं, पण ज्याचं मशीन अडलंय त्याला येत नाही.

पुढचं, डिस्कचं लेबल. एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमच्या लेबलला १६ बाइटची जागा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट. "जळगाव" पाच संकेतांचं, १५ बाइट, बसतं. "भुसावळ" सहा संकेतांचं, १८ बाइट, बसत नाही. मग ते साधन काय करतं? इशारा देतं आणि सोळाव्या बाइटवर कापतं. म्हणजे "भुसाव" आणि पुढे ळ चा एक तृतीयांश तुकडा. ते कुठलंच अक्षर नाही. याउलट एक्सएफएसला १२ बाइटचीच जागा, "धुळे" त्यात काटोकाट बसतं, आणि "जळगाव" दिलं तर एमकेएफएस-एक्सएफएस सरळ सांगतं की नाव मोठं आहे, मी पुढे जाणार नाही. कमी जागा असूनही हे वागणं बरोबर, कारण त्याने नाव बिघडवलं नाही. गंमत म्हणजे दोघांच्याही मदतपानावर "१६ अक्षरं" आणि "१२ अक्षरं" असं लिहिलंय. बाइट म्हणायचंय पण अक्षर म्हणतात. इंग्रजीत दोन्ही एकच, म्हणून लिहिणाऱ्याला फरक जाणवतच नाही.

आणि फॅट! यूईएफआय ज्या विभागातून बूट होतं तो फॅटमध्ये असतो. त्याच्या लेबलला ११ बाइट, आणि तेही ओईएम कोडपेजमध्ये. देवनागरीसाठी मायक्रोसॉफ्टने असं कोडपेज कधी केलंच नाही, विंडोजमध्ये हिंदी-मराठी आली ती थेट युनिकोडमधूनच. फायलींची लांब नावं मात्र त्याच फॅटवर यूटीएफ-१६ मध्ये असतात. म्हणजे एकाच विभागावर फाइलचं नाव मराठीत चालतं, त्या विभागाचं चालत नाही. लिनक्सने तो विभाग वाचताना कर्नलचं मूळ सेटिंग छोट्या नावांसाठी कोडपेज ४३७ आणि दाखवण्यासाठी आयएसओ ८८५९-१ असं आहे. ते तसंच ठेवलं तर मराठी फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

हे ४३७ म्हणजे कोण, ते सांगायला हवं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या रॉममध्ये २५६ चिन्हांचा जो संच होता तो. खालची १२८ ॲस्की, वरच्या १२८ मध्ये युरोपातली काही अक्षरं, थोडी ग्रीक, आणि चौकटी काढायच्या रेघा. चाळीसहून जास्त वर्षं झाली, त्या रॉमचं भूत अजून बूटच्या कोडमध्ये फिरतंय.

आता महाराष्ट्रातल्या इंजिनियरने इथे मान खाली घालायचं कारण नाही. हा प्रश्न आपल्याकडे याच पातळीवर, हार्डवेअरला हात घालून, एकदा सोडवला गेलाय. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे जिस्ट कार्ड म्हणून पुढे आलं. पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड. डॉसवर चालणाऱ्या साध्या मजकुराच्या प्रोग्रॅमला कळतही नसे की आपण देवनागरी हाताळतोय. त्याच्या दृष्टीने ते नुसते बाइट. अक्षर जुळवून पडद्यावर दाखवायचं काम कार्डचं. त्यामागचा संकेत म्हणजे इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून पक्का झाला. त्यात शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवायचा: "कि" मध्ये आधी क, मग वेलांटी, दिसायला वेलांटी आधी असली तरी. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती १९८८ च्या इस्कीवरूनच. म्हणून इस्कीतला मजकूर आजही यांत्रिकपणे युनिकोडमध्ये आणता येतो.

त्या मंडळींना एक गोष्ट कळली होती: संकेत आधी, चित्र नंतर.

आणि मग आपणच काय केलं? विंडोज आल्यावर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेले फॉन्ट वापरून वर्षानुवर्षं मजकूर टाइप केला. पडद्यावर मराठी दिसतंय ना, मग झालं. आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. मामांकडे अशा जुन्या पत्रिकांचा ढीग आहे. मूळ फॉन्ट नसेल तर वधूचं नाव कंसांनी आणि टक्क्याच्या खुणांनी भरून जातं. त्या फायलीत आणि 'ए३जी मध्ये मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे "आत्ता इथे काम भागलं" एवढंच बघितलं, आणि अक्षर कोणतं होतं ते हरवलं. तेव्हा हे भांडण फक्त परदेशातल्या कर्नलवाल्यांशी नाही, आपल्या गल्लीतल्या लोकांशीही आहे.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

पहिलं: "बूटच्या वेळी मराठी कोणाला हवंय? ॲस्कीच ठेवा." ठीक. मग ॲस्कीच ठेवा, पण मग दुसरं काही दिलं की स्पष्ट नाही म्हणा. "या नावात ॲस्कीबाहेरची अक्षरं आहेत, मी वापरू शकत नाही" अशी एक ओळ छापली असती तर माझी अख्खी दुपार वाचली असती. अर्धं अक्षर फेकून उरलेल्यावर अक्षर म्हणून शिक्का मारायचा, याला साधेपणा म्हणत नाहीत. आणि वापरणाऱ्याला काय माहीत की बूट कुठे संपतं आणि सिस्टिम कुठे सुरू होते? मामांनी एका डिस्कला एक नाव दिलं. ते नाव किती जणांच्या हातून जाणार हे त्यांनी का लक्षात ठेवायचं?

दुसरं: "जागा नाही हो, बूटच्या कोडला." जुन्या एमबीआरमध्ये ५१२ बाइट, त्यातले कोडला ४४६, तेव्हा हे खरं होतं. आज ग्रबमध्ये पीएनजी आणि जेपीईजी चित्रं उघडायची सोय आहे, नेटवर्क आहे, कूटबद्ध डिस्क उघडायची सोय आहे. यूटीएफ-१६ चं यूटीएफ-८ करायला काही डझन ओळी पुरतात. तेवढ्यालाच जागा नाही?

तिसरं: "यूआयडी वापर ना, नावं कशाला?" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि मीही शेवटी तेच केलं. मशीनने मशीनला ओळखायला तो लांबलचक आकडा उत्तम. पण लेबल ही माणसासाठी केलेली सोय आहे. दुकानातल्या पोराने रात्री नऊ वाजता फोन करून "दादा, कोणती डिस्क काढू?" विचारलं तर त्याला छत्तीस चिन्हांचा आकडा वाचून दाखवू का? माणसासाठी केलेल्या जागेत माणसाचं अक्षर चालत नसेल तर ती जागाच काढून टाका.

चौथं उत्तर उलट्या बाजूने येतं, आणि त्यांच्याशीही माझं जमत नाही. "बायोसचा सगळा पडदाच मराठीत झाला पाहिजे, हा अस्मितेचा प्रश्न आहे!" मंडळी, जरा दमानं. देवनागरी दाखवणं म्हणजे एकामागे एक चित्रं ठेवणं नाही. वेलांटी मागे न्यायची, जोडाक्षर करायचं, रफार डोक्यावर चढवायचा. त्यासाठी हार्फबझसारखं इंजिन लागतं, आणि ते फर्मवेअरमध्ये नसतं. यूईएफआयच्या साध्या फॉन्टमध्ये अरुंद चिन्हाला ८ बाय १९ ठिपके आणि रुंद चिन्हाला १६ बाय १९. त्यात "ज्ञानेश्वर" बसवायला गेलात तर माउलीच हात जोडतील. मोडकी मराठी दाखवण्यापेक्षा धड इंग्रजीत दोष सांगितला तरी मला चालेल. माझी मागणी फार लहान आहे: दाखवू नका, पण बिघडवूही नका. पोस्टमनला पत्र वाचता येत नसेल तरी पाकीट फाडायचा अधिकार त्याला नाही.

मग नेमकं काय करायचं? मला पाचच गोष्टी हव्यात.

एक. आत एकच प्रणाली, यूटीएफ-८. डिस्कवरून, फर्मवेअरकडून, कीबोर्डकडून जे येईल ते दारातच एकदा बदलायचं, बाहेर जाताना दारातच परत बदलायचं. मधल्या कोणीही पुन्हा हात लावायचा नाही. यू-बूटमध्ये या बदलांसाठी वेगळी फाइल आहे, सगळं एका ठिकाणी. तसंच असावं.

दोन. बदल करता येत नसेल तर नकार द्या, किंवा संकेताचा आकडा जसाच्या तसा छापा. परत फिरता येणार नाही असा बदल करू नका.

तीन. मर्यादा सांगताना एकक सांगा. बाइट, दोन बाइटची एककं, की संकेत? "अक्षरं" हा शब्द त्या पानांवरून हाकला. आणि कापायचंच असेल तर अक्षराच्या कडेला कापा.

चार. तुलना करताना हुशारी नको. आपला "ऱ्य" तीन प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र ऱ घेऊन, र ला नुक्ता देऊन, किंवा र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. दिसायला एकच, बाइट वेगळे. "कोऱ्या" असं नाव एका कीबोर्डने दिलं आणि दुसऱ्याने शोधलं तर सापडेलच असं नाही. यावर उपाय नाव देणाऱ्या साधनाने, लिहितानाच करावा. बूटच्या कोडने त्यात पडू नये, जे साठवलंय ते बाइटला बाइट लावून बघावं.

पाच. दोन बाइटमध्ये सगळं जग मावतं हे विसरा. यूईएफआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये अक्षराची व्याख्या अजून यूसीएस-२ अशी आहे, म्हणजे ६५,५३६ च्या आतलंच. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ च्या ७.० आवृत्तीत आली, ती या हद्दीच्या बाहेर, ११६०० पासून पुढे. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहात मोडी कागद आहेत. उद्या असल्या कागदांच्या स्कॅनच्या डिस्कला कोणी मोडीत नाव दिलं, तर यूसीएस-२ च्या व्याख्येप्रमाणे ती अक्षरंच नाहीत. तिथे यूटीएफ-१६ च्या जोड्या समजून घ्याव्याच लागतील.

एक प्रामाणिक अडचणही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. कर्नलमधलं ते फंक्शन बदलणं दिसतं तितकं सोपं नाही. एक तर नावासाठी आत जागा ६४ बाइटची आहे आणि ३६ देवनागरी संकेतांना १०८ बाइट लागतात, म्हणजे जागा वाढवावी लागेल. दुसरं, कर्नलचा जुना नियम आहे की चालू असलेलं कोणाचं मोडायचं नाही. जगात कोणीतरी वैतागून !३!>५ असंच लिहून आपलं मशीन चालवत असेल, त्याचं उद्या बंद पडायला नको. पण याला वाट आहे: आधी खऱ्या नावाशी तुलना करा, नाही जुळलं तर जुन्या विद्रूप नावाशी करा. इंग्रजी नावं वापरणाऱ्यांना तर काहीच फरक पडणार नाही, कारण ॲस्कीचे १२८ संकेत यूटीएफ-८ मध्ये जसेच्या तसे आहेत. हाच बदल मी लिहायला घेतलाय. चालतो की नाही ते आधी माझ्या मशीनवर बघेन, मग यादीवर पाठवेन. शिव्या खायची तयारी आहे.

मामांच्या मशीनचं काय झालं? यूआयडी टाकला, उठलं. आणि पार्टिशनची नावं मी इंग्रजी अक्षरांत करून टाकली. मामांना सांगितलं की मराठी नको, त्रास होतो. ते काही बोलले नाहीत, मान हलवली. हेच मला जास्त लागलं. कारण आपण प्रत्येक जण आपापल्या मामांना हेच सांगत आलोय: फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा, पासवर्ड इंग्रजीत ठेवा, उगाच मराठीत नको. आपण असं सांगतो म्हणून मामा मराठी वापरत नाहीत. मामा वापरत नाहीत म्हणून दोष कोणाला दिसत नाही. आणि दोष दिसत नाही म्हणून कोणीतरी ठामपणे म्हणतो, "बूटच्या वेळी मराठी कोणाला हवंय?" त्या शनिवारी या साखळीतली एक कडी मीच होतो.

निघताना बघितलं तर मामांनी मशीनवर कागदाची पट्टी चिकटवली होती. त्यावर पेनने लिहिलं होतं: धुळे. माझा मामा आयुष्यभर बोलताना धुये म्हणत आलाय, पण लिहिताना एकदाही ळ चा य केला नाही. तोंडात काय येतं ते वेगळं, नोंदीत काय जातं ते वेगळं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

बूटचा कोड लिहिणाऱ्यांनी एकदा धुळ्याला येऊन जावं. शेवभाजी माझ्याकडून.